गावभर एकच नाक

सरस्वतीची तसबीर मी गॅरेजमध्येच विसरलो, आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा समई पेटलेली होती, पाहुणे हात जोडून उभे होते आणि माझ्या हातात झेंडूचा हार होता.

दोन हजार तीन सालची कोजागिरी. आम्ही तेव्हा अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत राहायचो. आमचं मंडळ चाळीसेक घरांचं आणि मी त्याचा कार्यवाह. हे पद मला कुणी दिलं नव्हतं. कुणीच घेतलं नाही म्हणून ते घरंगळत माझ्यापर्यंत आलं होतं. नेहमीच्या शाळेचा हॉल त्या शनिवारी मिळाला नाही, म्हणून वीस मिनिटांवरच्या एका लहान गावातला जुना हॉल मी ठरवला होता. लाकडी जमीन, उंच खिडक्या, आणि भिंतीवर सोनेरी चौकटींत सात तैलचित्रं.

आपला कार्यक्रम कुणाला तरी हार घातल्याशिवाय सुरू होत नाही. गाणं असो, नाटक असो, रक्तदान असो, नाहीतर रिटायरमेंट प्लॅनिंगवरचं व्याख्यान असो, आधी चौकटीतल्या कुणाच्या तरी गळ्यात हार पडलाच पाहिजे. भारतात कुठल्याही भिंतीवर कुणीतरी सापडतंच. इथे मी नुसता हार घेऊन उभा. बरं, गुपचूप खाली ठेवावा, तर तो करणाऱ्या काकू पहिल्याच रांगेत बसलेल्या. परसातले झेंडू थंडीनं जळायच्या आत खुडून त्यांनी तो ओवला होता, आणि त्या माझ्याकडे नव्हे, हाराकडे बघत होत्या.

समईच्या बरोबर वर काळ्या कोटातला एक दाढीवाला टांगलेला होता. चेहरा गंभीर, एक हात कोटाच्या आत. मी माइकमध्ये म्हणालो, "या वास्तूच्या संस्थापकांना वंदन करून आपण सुरुवात करू या," आणि टाचा उंचावून हार चढवला. अख्खा हॉल उभा राहिला. डॉक्टर, इंजिनियर, पीएचडी करणारी मुलं, सगळ्यांनी त्या अनोळखी गोऱ्याला हात जोडले. मीही भक्तिभावानं डोळे मिटले. मग कुंकवात बोट बुडवून मी पुढे सरसावलो, तेवढ्यात बायकोनं बाजूनं येऊन माझं मनगट धरलं आणि प्रेक्षकांकडे बघून हसत, ओठ न हलवता म्हणाली, "ते रंगवलेलं आहे. तुम्ही आणखी रंगवू नका."

कार्यक्रम संपला, मसाला दुधाचे कप गोळा करून झाले, तेव्हा हॉल बंद करायला किल्लीवाल्या बाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, अंगात राखाडी स्वेटर, गळ्यात दोरीला किल्ल्यांचा जुडगा. त्या गावाच्या इतिहास समितीचं काम बघायच्या आणि हॉलही समितीचाच होता. दाराशीच थबकून त्या हाराकडे बघत राहिल्या. मी लगबगीनं माफी मागायला गेलो.

त्या म्हणाल्या, "या माणसाला कुणी फूल दिलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तुम्ही का दिलंत?"

इथे मी म्हणायला हवं होतं की बाई, आमची देवी गॅरेजमध्ये राहिली. पण कार्यवाहाचं तोंड उघडलं की त्याला खरं बोलायला वेळ मिळत नाही. मी चौकटीखालच्या पाटीकडे चोरून पाहिलं. त्या माणसानं कसलीही संस्था स्थापन केलेली नव्हती. तो गावातला चित्रकार होता, सातही चित्रं त्याचीच होती, आणि हे त्यानं स्वतःच काढलेलं स्वतःचं चित्र होतं.

"आमच्याकडे आधी कलावंताला वंदन करतात," मी म्हणालो.

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मग जे सांगितलं ते असं. हॉलची रंगरंगोटी व्हायची होती, भिंतीवर मोठा पडदा बसवायचा होता, आणि समितीतल्या बऱ्याच जणांचं मत होतं की ही सात माणसं आता तळघरात गेलेली बरी. एप्रिलमध्ये समितीचं वार्षिक व्याख्यान असतं. ते झालं की निर्णय. "मी बोलले की ते घड्याळ बघतात," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या माणसाचं ऐकतील. तुम्ही बोलाल त्याच्याबद्दल?"

मी हो म्हणालो. हार घालून झालेला माणूस नाही कसं म्हणणार?

गाडीत बायको म्हणाली, "त्या चित्रकाराचं नाव तरी विचारलंत का?"

नाव विचारलं नव्हतं, आणि पाटीवरचं घाईत वाचायचं राहिलं होतं. पुढे कळलं, पण इथे सांगत नाही. त्या बिचाऱ्याची माझ्या हातून झाली तेवढी शोभा पुरे.

बाईंनी एक खोका दिला. त्यात पत्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि गावातल्या कुणा हौशी माणसानं टाइप केलेलं एक चरित्र. वाचायला मला वेळच वेळ होता, कारण त्याच हिवाळ्यात माझा प्रोजेक्ट पुण्याला गेला. नोकरीसाठी मी जे शहर सोडलं, माझी नोकरी त्याच शहरात जाऊन राहिली. कंपनीनं मला ठेवलं, पण काम उरलं ते तिकडच्या मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रामांना नीटनेटकी टिपणं जोडायचं. तेव्हा बाहेर बर्फ पडायचं आणि मी बेसमेंटमध्ये बसून एका मेलेल्या माणसाचे दोष काढायचो. मनाला फार बरं वाटायचं.

माणूस होताच तसा. गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. बाप बर्फावरच्या घसरगाड्या आणि बग्ग्या बनवायचा, पोरगा त्या रंगवायचा. मग खाणावळींच्या पाट्या रंगवायला लागला: उगवता सूर्य, पांढरा घोडा, काळा सिंह. सिंह त्यानंही पाहिलेला नव्हता आणि खाणावळवाल्यानंही, त्यामुळे तक्रार आली नाही. एका हिवाळ्यात गावात एक फिरता चित्रकार बर्फामुळे अडकून पडला. आमच्या माणसानं त्याचे रंग घोटून दिले, आणि बर्फ वितळल्यावर जाहीर केलं की आता मीही चेहरे रंगवतो. आमच्या इथे दोनेक वर्षांपूर्वी सहा आठवड्यांचा कोर्स करून लोक इंटरनेट कन्सल्टंट होत होते, त्यातलाच प्रकार.

मग घोडागाडीत कॅनव्हास घालून हा गावोगाव निघाला. एखाद्या शेतकऱ्याच्या घरी उतरायचं, घरातले सगळे चेहरे रंगवून होईपर्यंत तिथेच जेवायचं. एका पत्रात घरची बाई बहिणीला कळवते की चित्रकाराला भूक चांगली आहे. चित्राबद्दल तिनं काही लिहिलेलं नाही. एकदा तो शिकायला म्हणून बॉस्टनला एका नामांकित कलावंताकडे गेला आणि महिन्याच्या आत परत आला. चरित्रकार म्हणतो, समुद्राची हवा मानवली नाही. चाळीस मैलांवरची हवा मानवत नाही म्हणजे काय, हे मला विचारा. माझा एक चुलतभाऊ इंजिनियरिंग सोडून पुण्याहून घरी आला होता, त्याला मेसचं जेवण मानवलं नव्हतं.

पुढे शेजारच्या गावात फोटोवाला आला. लोक त्याच्यापुढे जाऊन बसायचे आणि काचेवर प्रत्येकाचा आपापला चेहरा उमटायचा. आमच्या माणसाचा धंदा तिथेच बसला. काही वर्षं तो त्याच फोटोवाल्याकडे लोकांच्या गालांना गुलाबी रंग लावत होता. मग पुन्हा घसरगाड्या. शेवटचं मोठं काम म्हणजे गावच्या आगीच्या बंबावरची सोनेरी अक्षरं. मृत्यूच्या बातमीत बंबाचं कौतुक चार ओळी आहे, चित्रांचं अर्धी.

ही अर्धी ओळ मला इतकी आवडली की मी ती बायकोला स्वयंपाकघरात जाऊन वाचून दाखवली. ती म्हणाली, "तुमच्या वेळी टिपणांचं कौतुक किती ओळी येईल?"

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही दोघं चित्रं नीट बघायला गेलो. दिवसाच्या उजेडात ती आणखीच वाईट दिसली. या माणसाला हात जमत नव्हते. म्हणून त्याच्या सगळ्या गावानं हात लपवलेले. दोघांचे कोटात, एकीचे शालीखाली, धर्मोपदेशकाचे जाड पुस्तकामागे. एका न्यायाधीशानं मात्र हट्ट केला असावा, त्याचा हात दिसतो. तो हात असा की न्याय मागायला आलेला माणूस आल्या पावली परत जाईल. आणि नाक. लांब, मधे उंचवटा, शेंड्याला किंचित डावीकडे वळलेलं. हे एकच नाक त्यानं धर्मोपदेशकाला दिलं, न्यायाधीशाला दिलं, न्यायाधीशाच्या बायकोला दिलं, शेतकऱ्याला आणि गिरणीवाल्याच्या विधवेला दिलं. एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली पाच माणसं, आणि नाक एक. सहावा तो स्वतः, त्यालाही तेच.

सातवं चित्र चार-पाच वर्षांच्या मुलीचं. तिचं नाक मात्र बटणाएवढं, वेगळं. पांढरा झगा, मांडीवर मांजर, एका पायात लाल बूट. दुसरा पाय नुसत्या मोज्यात होता आणि तो बूट खाली कोपऱ्यात कलंडून पडला होता.

बायको त्या चित्रापुढे बराच वेळ थांबली. "हिचा एक बूट का निघालाय?"

"पोरं काढतातच," मी म्हणालो.

"चित्राला बसवताना आई काढू देईल?" ती म्हणाली. "त्या बाईंना विचारा."

मी बाईंना विचारलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हाच एक विनोद तयार झाला होता.

त्याला कारण होतं. व्याख्यानाचा पहिला खर्डा मी आपल्या सत्काराच्या थाटात लिहिला होता. थोर कलावंत, प्रतिकूल परिस्थिती, तपश्चर्या, वगैरे. आमची मुलगी तेव्हा बारा वर्षांची. तिला उच्चार तपासायला बसवलं, तर दुसऱ्या पानावर म्हणाली, "बाबा, धिस इज सो बोरिंग." मी चिडून म्हणालो की मग काय, गावभर एकच नाक वाटून टाकलं त्यानं, हे सांगू? ती हसली. चांगली खळखळून हसली. तिनं माझ्या बोलण्याला हसून वर्ष झालं असेल.

आणखी एक सांगतो, म्हणजे माझी पुरती इयत्ता कळेल. मंडळात मी विनोदी माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या नकलांवर पोट धरून हसणारे लोक आहेत. पण ऑफिसात, या देशात आल्यापासून पंधरा वर्षांत, इंग्रजीत मी एकदाही कुणाला हसवलेलं नव्हतं. माझ्या विनोदानंतर लोक विचारायचे, म्हणजे नक्की काय? तेव्हा तो खर्डा मी फाडला आणि दुसरा लिहिला.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे डॉक्टरकाका, मूळचे नागपूरचे, साठच्या दशकात इथे आलेले. त्यांना मी आपलं सहज सांगितलं की चित्रं बहुतेक उतरवणार आहेत. ते म्हणाले, "मग तू कशाला वाचवून राहिला त्यांना? भिंत मोकळी झाली तर सप्टेंबरात मखर तिथे लावता येईल ना."

"तसं नाही हो काका, मी शब्द दिलाय."

"दे ना शब्द. फक्त फार चांगला बोलू नको," डॉक्टरकाका म्हणाले, आणि दोघंही हसलो.

व्याख्यानाला पन्नासेक माणसं होती. बहुतेक पांढऱ्या केसांची, हातात कॉफीचे कागदी कप. पहिल्या रांगेत समितीचे लोक आणि कडेला किल्लीवाल्या बाई, स्वेटरच्या खिशात हात घालून. आमच्या दोघी, बायको आणि मुलगी, तिसऱ्या रांगेत. प्रोजेक्टरवर मी एकेक चित्र दाखवत गेलो.  मग न्यायाधीशाचा हात दाखवला आणि म्हणालो की हा हात बघून गुन्हेगारानं बिनशर्त कबुली दिली असेल. कुणीतरी मागे फिसकन हसलं.

त्या एका हसण्यानं मी वाहवत गेलो. समुद्राची न मानवलेली हवा सांगितली, हसले. चित्रकाराची भूक सांगितली, हसले. आगीचा बंब सांगितला, तेव्हा समितीतला एक जाडजूड गृहस्थ डोळे पुसायला लागला. मग सहा नाकं एका ओळीत लावलेला पडदा आणला. मी त्यावर फार मेहनत घेतली होती. "या गावात लग्नं करताना लोक किती जपून करत असतील," मी म्हणालो, आणि हॉल कोसळला. अमेरिकन माणसं, माझ्या विनोदाला, माझ्या उच्चारांसकट. बाई ओठ मिटून हसत होत्या, निदान मला तसं वाटलं. मी तिकडे फार वेळ पाहिलं नाही. जिथे हशा होता तिकडे पाहत होतो.

शेवटी ती मुलगी. मी तिचा मोज्यातला पाय मोठा करून दाखवला आणि म्हणालो, "चित्रकारापुढे बसणं किती कंटाळवाणं असेल बघा. ही पोरगी पळून जायला निघाली होती. एक बूट तेवढा मागे राहिला."

सगळ्यात मोठा हशा त्याला पडला.

प्रश्न विचारायची वेळ आली. बाईंनी खिशातून हात काढून वर केला. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"ती पळून गेली नाही," बाई म्हणाल्या. "त्या काळी मूल गेल्यावर त्याचं चित्र काढत, तेव्हा एक बूट पायातून काढलेला दाखवत. बघणाऱ्याला लगेच कळायचं. ती या चित्रकाराचीच मुलगी. तापानं गेली. मग त्यानं हे चित्र काढलं. खोक्यात ते कुठे लिहिलेलं नाही."

पहिल्या रांगेतल्या कुणीतरी कागदी कप खाली ठेवला.

आमच्याकडे भिंतीवरच्या फोटोला हार दिसला की पाहुणा दारातच आवाज खाली आणतो. कुणाला काही सांगावं लागत नाही. हे मला कळतं. सहा महिन्यांपूर्वी त्याच भिंतीवर मीच हार चढवला होता. आणि तशीच साधी खूण समोर लटकत असताना मी ती पडद्यावर सहा फूट मोठी करून दाखवली होती.

मी माइकमध्ये 'सॉरी' म्हणालो. माइकनं शीळ घातली. मुलीनं मान खाली घातली होती आणि बुटांकडे बघत होती, स्वतःच्या.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं. तो जाडजूड गृहस्थ येऊन माझा हात हलवून म्हणाला, भलतंच मजेदार बोलता तुम्ही, पण माझ्याकडे न बघता, दाराकडे बघून म्हणाला. बाई खुर्च्या घडी करत होत्या. मी मदतीला गेलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही अख्खा खोका वाचलात. तेवढं सुद्धा कुणी केलं नव्हतं." हे त्या मनापासून म्हणाल्या, त्यामुळे मला बसायला जागा उरली नाही. खुर्च्याही सगळ्या घडी झाल्या होत्या.

आम्ही गाडीत बसून हायवेला लागलो. मग बायको म्हणाली, "बाईंचं नाक बघितलंत का?"

"नाक?"

"लांब. मधे उंचवटा. शेंड्याला डावीकडे."

 गाडीचा वेग कमी झाला असावा, कारण मागचा हॉर्न वाजवून पुढे गेला.

"आरशात बघून एकच नाक शिकला असेल तो," ती म्हणाली. "तेच सगळ्यांना दिलं. मुलीचं तेवढं नीट काढलंय. ते तिचंच असणार."

"तुला आधी दिसलं होतं बाईंचं?"

"पहिल्या दिवशी. त्या दाराशी थबकून हाराकडे बघत होत्या तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"मी म्हटलं होतं की त्यांना विचारा," बायको म्हणाली. "तुम्हाला उत्तर नको होतं, विनोद हवा होता."

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, इट वॉज फनी. दॅट्स द प्रॉब्लेम." 

मी समितीला पत्र लिहिलं. तीन पानी. चित्रं राहिलीच पाहिजेत, चुका त्या चित्रांच्या नव्हेत, माझ्या होत्या, असं सगळं. दोन ओळींचं उत्तर आलं की आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. मे महिन्यात निर्णय झाला. मुलीचं चित्र हॉलमध्ये राहील, बाकी सहा तळघरात. म्हणजे हसल्याची लाज वाटून त्यांनी मुलगी ठेवली, आणि हसू आलं म्हणून बाप उतरवला. त्या सहा नाकांकडे इतकी वर्षं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. माझ्या व्याख्यानानंतर गावात कुणाला त्या चित्रांखाली गंभीर चेहऱ्यानं उभं राहता येईना, असं बाईंनीच फोनवर सांगितलं. तक्रार म्हणून नाही. गणपतीसाठी हॉल हवाय का, हे विचारायला फोन केला होता. आणि हो, म्हणाल्या, भिंत आता मोकळी आहे.

डॉक्टरकाका खूश. "बघ, म्हटलं होतं ना? तुझ्या भाषणानं काम केलं," असं त्यांनी चार लोकांत माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं. मी हसलो. कार्यवाह होतो ना.

सप्टेंबरात आदल्या दिवशी मखर लावायला आम्ही गेलो. भिंतीवर नवा पांढरा रंग, गुंडाळून ठेवलेला पडदा, आणि एका टोकाला एकटी मुलगी, मांजर आणि मोज्यातला पाय. घडीची टेबलं तळघरात होती. बाई किल्ल्या घेऊन पुढे, मागे आम्ही दोघं. खाली दमट वास होता. टेबलांच्या मागे सहा चौकटी भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या. कोणती कुणाची ते पाठीवरून कळत नव्हतं, पण एकीच्या मागच्या तारेत वाळलेल्या झेंडूची एक पाकळी अडकलेली होती, करपलेली, तपकिरी.

मी ती चौकट वळवली. काळा कोट, आत लपवलेला हात, तेच नाक. बाजूला बाई उभ्या होत्या. मी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग अर्थात कार्यवाहाचं तोंड उघडलं. मी म्हणालो की बाई, मी समितीकडे पुन्हा जातो, पुढच्या एप्रिलमध्ये मला परत बोलायला द्या, या वेळी मी...

"समितीनं हॉलपुरतं ठरवलंय," बाई मला मधेच तोडून म्हणाल्या. "कोट टांगायच्या बोळाबद्दल ठरावात एक शब्द नाही. मी तो चारदा वाचलाय."

चौकट जड होती. मी खालची बाजू धरली, बायकोनं वरची, आणि जिन्यावर दोनदा माझी बोटं चेपली. बोळात कोटांच्या खुंट्यांच्या वर जागा होती. तिथून हॉलमधली मुलगी दिसत नाही. मी वाकून, उभं राहून, दोन्ही बाजूंनी पाहिलं. मधे पुरुषांच्या टॉयलेटचं दार येतं.

काकूंनी उद्यासाठी ओवलेले हार टेबलावर ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवले होते. त्यातला एक मी उचलून आणला. बाई उभ्या, बायको उभी, चौकट भिंतीला टेकवलेली. सवयीनं माझा घसा खाकरला गेला.

बायको म्हणाली, "हार बाप्पाचा आहे, तो जागेवर ठेवून या. आणि अहो, भाषण नको. खिळा कुठे ठोकायचा ते त्यांना विचारा, आणि या वेळी उत्तर ऐका."